कोइंब्रा की सालामांका?

प्रश्न

ऑक्टोबरमध्ये आम्ही लिस्बनहून माद्रिदला जाणार आहोत आणि वाटेत एखाद्या जुन्या विद्यापीठाच्या गावी निवांत मुक्काम करावा, अशी इच्छा आहे. पोर्तुगालमधले कोइंब्रा आणि स्पेनमधले सालामांका ही दोन नावे समोर आहेत. दोन्ही जागतिक वारसा यादीत आहेत आणि दोन्हींची ख्याती विद्यापीठामुळेच झालेली आहे, त्यामुळे वरवरच्या माहितीवरून काहीच ठरत नाही. मला जुनी ग्रंथालये आणि विद्यापीठांचा वैचारिक इतिहास यांत रस आहे. सोबत आई असेल. तिला चालायला आवडते, पण चढ आणि पायऱ्या झेपत नाहीत. दोन्हीकडे धावती भेट देण्यापेक्षा एकाच ठिकाणी राहावे, असे वाटते. कृपया मत द्यावे.

प्रतिसाद १

ग्रंथालय हा पहिला निकष असेल, तर कोइंब्राला पर्याय नाही. हे विद्यापीठ १२९० साली लिस्बनमध्ये स्थापन झाले आणि बऱ्याच स्थलांतरांनंतर १५३७ मध्ये कोइंब्राच्या टेकडीवरील राजवाड्यात कायमचे स्थिरावले. त्याच आवारात अठराव्या शतकात राजा पाचव्या जुवांवच्या काळी बांधलेले जुवानिना ग्रंथालय आहे. सोनेरी नक्षीची उंच कपाटे, जाड भिंती आणि त्यांमुळे वर्षभर जवळपास सारखी राहणारी हवा, अशी ग्रंथांच्या जपणुकीची सारी व्यवस्था तिथे इमारतीच्या रचनेतच केलेली आहे. कपाटांमागे वटवाघळे राहतात आणि रात्री बाहेर पडून ग्रंथांना उपद्रव देणारे कीटक खातात. त्यांच्या विष्ठेने मेजे खराब होऊ नयेत म्हणून संध्याकाळी त्यांवर चामड्याची आवरणे घातली जातात. खालच्या मजल्यावर विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंगही आहे. सालामांकाचे जुने ग्रंथालय तितकेच मोलाचे आहे, परंतु ते दारापाशी काचेआडून पाहावे लागते. कोइंब्रात प्रत्यक्ष त्या दालनात उभे राहता येते, आणि माझ्या मते हा फरक फार मोठा आहे.

प्रतिसाद २

वरील मताचा आदर ठेवून सांगतो की आपल्या आई सोबत असताना मुक्कामासाठी सालामांकाच निवडावे. कोइंब्राचे जुने गाव म्हणजे एक उभी टेकडी आहे. खालच्या बाजारातून जुन्या कॅथेड्रलकडे आणि पुढे विद्यापीठाकडे जाताना पायऱ्या आणि गुळगुळीत दगडांच्या उतरत्या गल्ल्या टाळता येत नाहीत. वर पोहोचल्यावरही जुन्या गावाचा अनुभव थोडा खंडित होतो, कारण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत, १९४० च्या दशकापासून, तिथली वस्ती पाडून विद्यापीठाच्या अवजड नव्या इमारती उभारण्यात आल्या.

सालामांकाचा मध्यभाग त्या मानाने बराच सपाट आहे. प्लाझा मायोर या मुख्य चौकापासून विद्यापीठापर्यंतचा रस्ता पादचाऱ्यांचाच आहे आणि वाटेतल्या बहुतेक इमारती जवळच्या विलामायोर गावच्या एकाच सोनेरी दगडाच्या आहेत.

आपल्याला वैचारिक इतिहासात रस आहे, हे तर सालामांकाकडे वळण्याचे सर्वांत सबळ कारण आहे. विद्यापीठाची स्थापना १२१८ ची. धर्मशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को दे व्हिटोरिया इथेच शिकवत असे. अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा त्यांच्या भूमीवर हक्क आहे, असे त्याने १५३९ च्या व्याख्यानांत मांडले, आणि पुढच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विचाराची एक वाट तिथून निघते. इथलाच अध्यापक आणि कवी फ्राय लुईस दे लिओन याला बायबलच्या प्रमाण लॅटिन भाषांतरावर शंका घेतल्याबद्दल आणि त्यातील प्रेमगीत स्पॅनिशमध्ये आणल्याबद्दल कॅथलिक धर्मन्यायालयाने (इन्क्विझिशन) १५७२ ते १५७६ अशी जवळपास पाच वर्षे कोठडीत ठेवले होते. त्याच्या नावाचा वर्ग ओबडधोबड लाकडी बाकांसह जतन केलेला आहे. तिथे थोडा वेळ बसून राहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. जुन्या कॅथेड्रलमधले सांता बार्बराचे प्रार्थनामंदिरही चुकवू नये. पदवीचे उमेदवार परीक्षेची आदली रात्र तिथे एकट्याने अभ्यासात घालवत. उत्तीर्ण झालेल्यांच्या गौरवार्थ लाल रंगात लिहिलेल्या विजयखुणा गावातल्या जुन्या इमारतींच्या भिंतींवर आजही दिसतात.

विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरचा कवटीवर बसलेला बेडूक शोधण्यात पर्यटकांचा बराच वेळ जातो. तोच वेळ शेजारच्या आवारात ठेवलेल्या, फर्नांदो गाय्येगोने रंगवलेल्या नक्षत्रांच्या छताला द्यावा.

प्रतिसाद ३

मुक्काम सालामांकात करावा, याला माझाही दुजोरा आहे. परंतु त्यासाठी कोइंब्रा सोडण्याची गरज नाही. लिस्बनहून वेगवान रेल्वेने साधारण दोन तासांत कोइंब्राला पोहोचता येते, त्यामुळे लिस्बनच्या मुक्कामातून सकाळी निघून संध्याकाळी परतणे शक्य आहे. गाडी गावाबाहेरच्या कोइंब्रा-बी स्थानकावर थांबते. तिथून टॅक्सीने थेट टेकडीवर विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जावे आणि परततानाही टॅक्सीच घ्यावी, म्हणजे आईंना चढ चढावा लागणार नाही. ग्रंथालयाच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ नेमून दिलेली असते, म्हणून ते आधीच काढून गाडी त्यानुसार निवडावी.

कोइंब्राहून सालामांकाला परस्पर जायचे ठरवल्यास मात्र बसचाच विचार करावा, कारण २०२० मध्ये रात्रीच्या गाड्या बंद झाल्यापासून या दोन गावांत थेट रेल्वे नाही. सालामांकाहून माद्रिदचा प्रवास वेगवान गाडीने दोन तासांच्या आत होतो. सालामांका सुमारे ८०० मीटर उंचीवर असल्यामुळे ऑक्टोबरच्या संध्याकाळी गारवा बराच असतो, त्यामुळे आईंसाठी उबदार कपडे जवळ असू द्यावेत.