कानाच्या वरच्या कडेला टोचायचंय: बंदूक की सुई?

खारूताई: लेक १७ वर्षांची आहे. पाळ्या लहानपणीच टोचल्यात, आता वरच्या कडेला हवंय. तेही बंदुकीने, कारण क्षणात होतं. मी नको म्हटलं की ऐकवते, "माणसं हजारो वर्षं कान टोचतायत, तुलाच कसली भीती?" काय उत्तर देऊ हिला?

सुईदोरा: तेरा वर्षं हेच काम करतेय, म्हणून लिहिते. लेकीचा इतिहास बरोबर आहे. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेला ओत्झी नावाचा गोठलेला माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या कानांची भोकंसुद्धा ताणून मोठी केलेली. पण भोकं होती पाळीला! पाळीला रक्त भरपूर, दीड-दोन महिन्यांत जखम भरते. वरच्या कूर्चेत (कानाच्या लवचीक हाडात) रक्तवाहिन्याच नाहीत. वरचं पातळ आवरण तिला पोसतं. तिथे पू झाला की आवरण सुटतं, कूर्चा मरते आणि कान चुरगळतो.

माझा डावा कान तसाच आहे. एकोणिसाव्या वर्षी बंदुकीने टोचून घेतला, तिसऱ्या आठवड्यात पोहायला गेले. वरचा कान लालबुंद, ठणका असा की रात्रभर बसून होते. पाळी मात्र अगदी ठीक. हीच खूण. पाण्यातल्या स्यूडोमोनास जंतूंचा हा आवडता उद्योग, आणि साधी प्रतिजैविकं त्यांच्यापुढे बऱ्याचदा चालत नाहीत. असं काही दिसलं तर घरगुती लेप लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बंदूक बोथट टोक जोरात घुसवते, कूर्चेला तडा जाऊ शकतो. मागची फिरकी घट्ट बसते, सुजेला जागाच उरत नाही. प्लास्टिकची बंदूक ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने जंतू मारायच्या यंत्रात) घालता येत नाही, नुसती पुसतात. पोकळ सुई एकदाच वापरायची, दागिना इम्प्लांट दर्जाच्या, म्हणजे शरीरात बसवायला चालणाऱ्या टायटॅनियमचा. निकेलने अंगाला खाज सुटणारे खूप.

अवांतर सांगते: सुश्रुतसंहितेत कान टोचण्यावर आख्खा अध्याय आहे! ऊन आरपार दिसेल तिथे टोचा, मग भोकात घातलेली वात दर तिसऱ्या दिवशी जाड करत न्या. आणि त्याच अध्यायात फाटलेल्या पाळ्या जोडायच्या १५ तऱ्हा. म्हणजे फाटत होत्याच की तेव्हाही.
बाकी मेक्सिकोतल्या माया लोकांच्या याश्चिलान या जुन्या शहरातल्या शिल्पात राणी काटेरी दोर जिभेतून ओढतेय, देवाला रक्त द्यायला. हे मात्र लेकीला दाखवू नका.

सुईदोरा: जिभेचं निघालंच आहे तर, तिथली धातूची गोळी दातावर आपटून टवके उडतात, हिरड्या मागे सरतात. मी जीभ टोचत नाही. गिऱ्हाईक रागावतं, रागावू दे.

खारूताई: वाचून दाखवलं. सुईवर आली गाडी! आता विचारतेय, भरायला किती दिवस?

सुईदोरा: दिवस नाही, सहा महिने ते वर्ष. तोवर फिरवायचं नाही, खपली उकरायची नाही, सलाइनने (मिठाच्या निर्जंतुक पाण्याने) धुवायचं आणि त्या कुशीवर झोपायचं नाही. हे शेवटचं ऐकून निम्मी मंडळी दारातूनच परत जातात.

खारूताई: ती त्याच कुशीवर झोपते. 😄