मदत हवी आहे : एसटीची बॉडी दापोडीची, चिकलठाण्याची की हिंगण्याची?

एसटी महामंडळाने स्वतःच्या कार्यशाळांत बांधलेल्या गाड्यांची तक्ता-नोंद करतोय. टाटा किंवा अशोक लेलँडची नुसती चॅसी (इंजिन-चाकांसह खालचा सांगाडा) यायची आणि बॉडी दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) वा हिंगण्याला (नागपूर) चढायची. लाल ‘परिवर्तन’ (साध्या सेवेच्या) गाड्यांपुरती पासिंगची मालिका बरीच कामाची आहे: एमएच-१४ बीटी म्हणजे दापोडी, एमएच-२० बीएल म्हणजे चिकलठाणा, एमएच-४० म्हणजे हिंगणा.

घोळ होतो तो पुनर्बांधणीत. जुनी अ‍ॅल्युमिनियम बॉडी उतरवून त्याच चॅसीवर माइल्ड स्टीलची बसवली, तरी नंबर जुनाच राहतो. म्हणजे नंबरपाटी चॅसीचं पहिलं पासिंग सांगते, आताची बॉडी कुठे झाली ते नाही. (रिव्हेटच्या रांगा दिसल्या की अ‍ॅल्युमिनियम, एवढं तरी लांबून कळतं.)

तर विचारायचंय:
बॉडी कुठली, कोणत्या वर्षाची, हे सांगणारी पाटी किंवा रंगवलेला क्रमांक नेमका कुठे असतो? चालकाच्या केबिनमध्ये, की दाराच्या वर?
तिन्ही कार्यशाळांच्या बांधणीत मागची काच, शिडी, टपावरचा कॅरिअर यांत ठरावीक फरक आहे का?
१९८२ च्या एशियाडनंतरच्या हिरव्या-पांढऱ्या निमआराम गाड्यांचे बाजूचे स्पष्ट फोटो असतील तर कृपया द्या, नंबर दिसेल असे.