शब्दचर्चा : इन्फ्लमेशन म्हणजे सूज, जळजळ की दाह?

प्रश्न : एचआयव्हीवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. योनिमार्गात इन्फ्लमेशन असेल तर लागणीचा धोका वाढतो, असं त्यात आहे. मी 'सूज' लिहिलं, संपादकांना 'जळजळ' हवंय. पुढे तर रोगप्रतिकारक पेशी जास्त म्हणून धोका जास्त, असं म्हटलंय. हे उलटं नाही का?

उत्तर : 'दाह' लिहा. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणं सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच नोंदवली होती. सूज त्यातलं एक. जळजळ ही जाणवणारी गोष्ट, आणि इथे तर अनेकदा बाईला काहीच जाणवत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या 'कॅप्रिसा 004' या, एचआयव्ही रोखणाऱ्या जेलच्या चाचणीतल्या स्त्रियांच्या योनिस्रावातले सायटोकाइन (पेशींचे निरोप पोचवणारी प्रथिनं) मोजले, तेव्हा दाहाच्या खुणा असलेल्यांमध्ये लागणीची शक्यता सुमारे तिप्पट दिसली (2015).

उलटं वाटतं ते 'प्रतिकारक' या शब्दामुळे. एचआयव्हीला शिरायला सीडी4 या रोगप्रतिकारक पेशीच लागतात. त्यातही सीसीआर5 हा ग्राही (विषाणू ज्याला धरून आत शिरतो ते पेशीवरचं प्रथिन) असलेल्या, चेतलेल्या पेशी त्याला जास्त सोयीच्या. दाह झाला की केमोकाइन, म्हणजे पेशींना बोलावणारे सायटोकाइन, सुटतात, या पेशी धावत येतात आणि त्याच वेळी अस्तराची वीण सैल होते. पहारेकरी दारात गोळा झाले, पण चोराला हवे आहेत तेच! 'कुंपणच शेत खातं' लिहायचा मोह होईल, टाळा. इथे कुंपणच खाल्लं जातंय.

दुसरं उत्तर : 'चेतलेल्या' झकास. 'सक्रिय' म्हटलं की मला पक्षाचा कार्यकर्ता दिसतो. चूल चेतवतो तेच क्रियापद, दाहाशी जुळतंही.

प्रश्नकर्ती : आणि लक्षणं नसलेला दाह?

उत्तर : 'धुमसता दाह'. लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जिवाणू घटून योनीतल्या जिवाणूंचा तोल जातो तेव्हा अनेकदा असाच असतो. जननेंद्रियावरच्या हर्पीसचं उदाहरण तर बोलकं आहे : फोड भरून येतो, वर काही दिसत नाही, पण खाली सीडी4 पेशी कित्येक आठवडे ठाण मांडून असतात. हर्पीस दाबणारं अ‍ॅसायक्लोव्हिर रोज देऊनही चाचण्यांत एचआयव्हीची लागण कमी झाली नाही, त्याचं एक कारण हेच मानतात. अशा जागी 'सूज उतरली' लिहिलंत, तर वाचणारीला वाटेल धोकाही टळला.

दुसरं उत्तर : 'धोका'ऐवजी 'जोखीम' बघा. तिप्पट जोखीम म्हणजे लागण ठरलेलीच, असं कुणी वाचायला नको.

प्रश्नकर्ती : 'दाह' आणि 'जोखीम' पक्कं. 'धुमसता'वर संपादकांशी भांडावं लागेल.