कॅल्क्युलेटर चुकीचं उत्तर देतोय, उद्या टेस्ट आहे, मदत!

दांडियाबाजारची_आई: पुस्तकात उत्तर ३० आहे, कॅल्क्युलेटरवर २७.२४ येतंय. तीनदा करून पाहिलं. मोबाइलवर तर उणे ५९.२८! लेक रडकुंडीला आलीय. सासरे म्हणतात, आधी ते यंत्र कपाटात टाका. काय करू? टाकू?

फिरकी: ताई, गणित कुठलं ते तरी सांगा! इयत्ता? बोर्ड?

दांडियाबाजारची_आई: पतंगाचंच हो. दहावी, सीबीएसई. दोर ६० मीटर, जमिनीशी कोन ३० अंश, उंची काढा.

जुना_कलाभवनवाला: साइन ३० म्हणजे अर्धा. साठाचे अर्धे तीस. याला यंत्र कशाला? आम्ही कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, स्लाइडरूलवर (हिशोबाच्या सरकत्या पट्टीवर) अख्खे पूल काढले.

फिरकी: काका, पूल नंतर. रेडियन मोड असणार, म्हणजे यंत्र कोन अंशांत नाही, रेडियन या दुसऱ्या मापात धरतंय.

न_पटलेला: मोबाइलवर रेडियन, कबूल. तिथेच उणे येतं, पतंग जमिनीखाली! पण २७.२४ म्हणजे ग्रॅड, कोनाचं तिसरं माप. त्यात काटकोन १०० चा असतो, म्हणून तुमचे ३० म्हणजे २७ अंशच झाले. स्क्रीनवर बारीक इंग्रजी 'जी' आहे का? मॉडेल कुठलं?

दांडियाबाजारची_आई: आहे! मला वाटलं बॅटरीची खूण. एफएक्स-८२एमएस, दिरांचा जुना.

न_पटलेला: मोड दोनदा, मग १.

आकृतीवाला: त्यापेक्षा जिओजेब्रा घ्या, भूमितीच्या आकृत्यांचं ॲप, फुकट आहे. कोन ओढला की उंची बदलताना दिसते. मुलांना समजतं तरी.

जुना_कलाभवनवाला: आणि बोर्डाच्या पेपरात काय ओढणार? तिथे साधा कॅल्क्युलेटरही नेऊ देत नाहीत.

आकृतीवाला: समजायला वापरा म्हणतोय, पेपरात नाही. आणि इंजिनिअरिंगनंतरच्या 'गेट' प्रवेश परीक्षेत स्क्रीनवरच कॅल्क्युलेटर देतात, काका.

जुना_कलाभवनवाला: पोर दहावीत आहे. गेटला बसवताय?

फिरकी: मला वेगळीच शंका. ६० मीटर दोरात पतंग कोण उडवतं? उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, आमच्या गच्चीवर हजार वार पुरत नाही. गेंडीगेटला यंदा मांजा कोणाकडे चांगला आहे? चायनीज नको, बंदी आहे.

दांडियाबाजारची_आई: १ दाबलं, बरोब्बर ३० आलं! सासऱ्यांना दाखवलं, ते म्हणाले हे तोंडपाठच हवं. पण आता पुढचं गणित. तोच दोर, कोन ६०. आमचं ५१.९६ येतंय, पुस्तकात ३०√३ आहे. अजून मोड बिघडलाय का?

न_पटलेला: नाही ताई, दोन्ही एकच. पण पेपरात √३ तसंच ठेवायचं, किंमत दिली असेल तरच गुणायचं. म्हणजे टेस्टलाही यंत्र लागणार नाही.

फिरकी: मांजाचं कोणी सांगतंय का?