मदत हवी आहे: एचआर राजीनाम्यावर सही मागून राहिलं आहे, करावी का? (बुटीबोरी, नागपूर)

नमस्कार मंडळी. मी बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत ८ वर्षांपासून डिस्पॅचला आहे, कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. ऑर्डर घटल्या म्हणून माणसं कमी करून राहिले, तेवढं समजतं, पण पद्धत बघा. एकेकाला मीटिंग रूममध्ये बोलावतात, मोबाइल बाहेर ठेवायला लावतात, टेबलावर राजीनामा आधीच टाइप केलेला, त्यात "वैयक्तिक कारणास्तव", तारखेची जागा रिकामी आणि बाजूला पेन. मला पण बोलावलं. एचआर मॅडम म्हणाल्या सही करा, एक महिन्याचा पगार देऊ, एक्सपिरियन्स लेटर चांगलं देऊ, नाही केली तर टर्मिनेशन आणि मग ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम) अडकेल. घरी विचारून सांगतो म्हणून मी उठलो, सही केली नाही.

तेव्हापासून वाचून राहिलोय. ५ वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटी मिळतेच, राजीनामा दिला काय नि कंपनीनं काढलं काय. मारामारी, कंपनीचं नुकसान असलं काही करून नोकरी गेली असेल तरच ती रोखता येते. माझं बेसिक-डीए २६,०००, त्याला २६ नं भागून १५ नं गुणलं की वर्षाचे १५,०००, म्हणजे ८ वर्षांचे १,२०,०००. माझेच पैसे मला सहीच्या बदल्यात दाखवून राहिले!

खरा फरक छाटणीच्या भरपाईत पडतो. कंपनीनं स्वतः कमी केलं तर १ महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये पण आहे. राजीनामा दिला की ही भरपाई मागायची सोयच राहत नाही, आणि ती ग्रॅच्युइटीपेक्षा वेगळी असते हे आमच्याकडं कोणाला माहीत नाही, दोघांनी तर सही करून पण टाकली.

ही भरपाई कायद्यात "वर्कर" धरलेल्यालाच मिळते, म्हणून आता एचआर म्हणतं तुम्ही सिनियर एक्झिक्युटिव्ह, वर्करमध्ये बसतच नाही. सुपरवायझरचा पगार १८,००० च्या वर असला तर नवीन कोडमध्ये त्याला वर्कर धरत नाहीत, हे खरं आहे. पण माझ्या हाताखाली एक माणूस नाही. गाडी लागली की ई-वे बिल काढा, गेटपास बनवा, चलन फाइलला लावा, दिवसभर हेच. कोणाची सुट्टी मंजूर करायचा अधिकार नाही. नाव मोठं, काम कारकुनाचं.

एचआर कंपनीच्या बाजूनंच बोलणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण आयटीआय करून आलेल्या पोरांना चुकीचा कायदा सांगून सही घेतात ना, त्याचा फार राग येतो.

तर जाणकार भाऊ-ताईंनो, मीटिंगमध्ये काय बोलणं झालं ते मी स्वतः एचआरला मेल करून ठेवू का, की आधी वकिलाला दाखवू? माझं काम कारकुनी आहे यासाठी ई-वे बिलांचे नि गेटपासचे रेकॉर्ड चालतील का, अजून काय जमवू? उद्या गेटवर अडवलं आणि नंतर "न सांगता गैरहजर" असं दाखवलं तर त्याच दिवशी काय करायचं? आणि नागपूरच्या लेबर ऑफिसात एकट्यानं अर्ज केलेलं कोणी आहे का, तिथं समेटाच्या तारखेला कंपनीवाले येतात का? सोमवारी परत बोलावलंय, त्याआधी सांगितलं तर लई उपकार होतील.