शब्दचर्चा: ‘वंशकेंद्री’ की ‘स्वसमाजकेंद्री’?

एका लेखाचा अनुवाद करते आहे, त्यात ‘एथ्नोसेंट्रिझम’ दर पानावर येतो. मराठीत सहसा ‘वंशकेंद्रितता’ लिहितात. मला तो शब्द खटकतो. ग्रीक ‘एथ्नोस’ म्हणजे लोकसमूह, रक्ताचं नातं त्यात असलंच पाहिजे असं नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहॅम समनर यांनी १९०६ साली हा शब्द रूढ केला, तो आपला समाज मध्यावर ठेवून बाकी सगळ्यांना आपल्याच मापाने जोखण्याच्या दृष्टीसाठी. ‘वंश’ म्हटलं की वाचकाच्या डोक्यात वंशद्वेष येतो आणि ‘हे आपल्याबद्दल नाही’ म्हणून तो पुढे सरकतो.

माझ्याबद्दल होतं, म्हणून सांगते. लग्न होऊन साताऱ्याहून गोव्यात फोंड्याला आले. मुलगी पहिलीत असताना शेजारच्या माईंनी कुंपणावरून विचारलं, ‘तुजें चेडूं शाळेंतल्यान आयलें गो?’ (तुझी मुलगी शाळेतून आली का गं?) मला झोंबलं. माझ्या लेकीला ‘तें’? मराठीत ‘ती मुलगी’ म्हणायचं सोडून ‘ते’ म्हटलं की त्यात हेटाळणी येते. ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं’ या म्हणीत सगळा डंख त्या ‘ते’मध्येच आहे. दोन दिवस मी त्यांच्याशी तुटक बोलले. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर माई स्वतःच्या नातीची वेणी घालत होत्या आणि आत सुनेला विचारत होत्या, ‘तें जेवलें?’ कोकणीत लहान मुलीला नपुंसकलिंगच लावतात, बाई मोठी झाली की ‘ती’ होते. अपमान माझ्या कानात होता. आणि बाळ, लेकरू, पाखरू, वासरू हे आपले मायेचे शब्दही नपुंसकलिंगीच की! ते मला त्या दोन दिवसांत आठवले नाहीत.

म्हणून ‘स्वसमाजकेंद्री’ सुचवते. ‘स्वसंस्कृतिकेंद्री’ही चालेल, पण जिभेला जड जातो.

प्रतिसाद: ‘स्वसमाजकेंद्री’ला माझं मत. मी पेडण्याची, घरी कोकणी, वाचन मराठी. मला आई-बाबांना ‘तूं’ म्हणताना ऐकून पुण्याची मैत्रीण दचकली होती, तिला वाटलं भांडण चाललंय. अभ्यासातलं एक उदाहरण देते. इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी लिहिलेलं कोकणीचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. त्याच्या नावात भाषा आहे ‘कानारीं’, म्हणजे कानडा मुलखाची. बोलणाऱ्यांच्या तोंडचं नाव त्या पुस्तकावर आलंच नाही. आपल्याकडेही ‘कोकणी म्हणजे अशुद्ध मराठी’ असं सहज बोललं जातं, साहित्य अकादमीने १९७५ मध्ये तिला स्वतंत्र साहित्यभाषा मानल्यावरसुद्धा. ‘अशुद्ध’ कुणाच्या फूटपट्टीने?

प्रतिसाद: मग १६८४ चा गोव्यातल्या पोर्तुगीज विजरईचा (व्हाइसरॉयचा) हुकूम, लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावं असा, त्यालाही हाच शब्द लावणार का?

मूळ लेखिका: नाही, आणि हा फरक अनुवादात सांभाळायला हवा. हुकमामागची दृष्टी स्वसमाजकेंद्री होती, पण हुकूम हा जुलूम आहे, त्याला ‘भाषादडपणूक’ किंवा सरळ ‘सक्ती’ म्हणावं. मी माईंवर रुसले ती दृष्टी होती. माझ्या हातात सत्ता असती आणि मी त्यांना ‘ती’ म्हणायला लावलं असतं, तर शब्द बदलला असता.

आता शब्दाच्या शेपटाचं, म्हणजे प्रत्ययाचं, ठरवू या: दृष्टी, लेखन, अभ्यासक्रम यांना ‘स्वसमाजकेंद्री’, भाववाचक नाम ‘स्वसमाजकेंद्रितता’. माणसाला हे विशेषण मी लावणार नाही, ते शिवीसारखं पडतं. तिथे ‘आपल्याच मापाने मोजणारा’ असं उलगडून लिहीन.