मदत हवी आहे: पायरेट्सबद्दल धड वाचायला कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. पिट्सबर्गला येऊन आठ वर्षं झाली आणि पायरेट्सचं, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमचं, वेड लागलंय. (हो, तीच टीम, १९७९ नंतर वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची फायनल) न जिंकलेली. १९९३ ते २०१२ सलग २० हंगाम जिंकले कमी, हरले जास्त. हौसेला मोल नसतं.) हरण्याची सवय झाली, पण डोकं फिरतं ते इथल्या पेपरामुळे.

२०२५ मध्ये आमच्या पिचरने (म्हणजे बॉलरने), पॉल स्केन्सने, साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवला. नऊ इनिंगमागे सरासरी १.९७ धावाच दिल्या, तरी नावावर १० विजय, १० पराभव! पिचरने कितीही रोखलं तरी आपल्या बॅटर्सनी धावाच काढल्या नाहीत तर करणार काय? बुमराहने पाच काढावेत आणि आपण नव्वदीत गुंडाळले जावं, तसं. पेपरातले महाशय मात्र '१०-१०' लिहून मोकळे. बाकी लेख म्हणजे सामन्यानंतरची मॅनेजरची वाक्यं, जशीच्या तशी. बॅटिंग का चालत नाही, हे कोणी विचारेल तर शपथ.

फॅनग्राफ्स, बेसबॉल सॅव्हंट या वेबसाइट्स बघतो, आकडे मिळतात. पण लॉकर रूममध्ये जाऊन खोदून विचारणारं कोणी हवंय. इकडे राहिलेल्यांनी एखादा पॉडकास्ट, न्यूजलेटर सुचवा ना.

शिवाय संपादकांना पत्र लिहायचंय. कसं लिहिलं की छापतात? पहिला खर्डा बायकोने वाचला. म्हणाली, "हे पत्र नाही, शिमगा आहे."